राग येतो, तो जातो कुठे?

मराठी भाषेने रागावर क्रियापदे सढळ हाताने खर्च केली आहेत. राग येतो, राग चढतो, राग काढला जातो, राग गिळावा लागतो, राग मनात धरून ठेवता येतो आणि देवाच्या दयेने शेवटी तो निवळतोही. एवढ्यावर भागत नाही. तळपायाची आग मस्तकाला जाते, दातओठ खाल्ले जातात, अंग थरथर कापते, पित्त खवळते आणि सरतेशेवटी माणसाचे भान सुटते. ज्या कोणी हे वाक्प्रचार घडवले त्यांनी शरीरशास्त्राचे पुस्तक उघडलेले नव्हते. समोरच्या चिडलेल्या माणसाकडे मात्र नीट डोळे उघडून पाहिले होते. गेल्या दोनशे वर्षांत डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी जे मोजून-मापून सिद्ध केले, त्यातले बरेचसे या शब्दांत आधीच येऊन बसले आहे.

एरवी या सदराला पानाचा एक कोपरा मिळतो. दिवाळी अंकात पाय पसरायला जागा मिळाली, म्हणून हा विषय घेतला. ऐन सणाच्या गोड अंकात हा तिखट विषय कशाला, असे कोणी विचारील. पण घरोघरचा अनुभव आठवून पाहा. माळ्यावरचे डबे खाली येतात, खर्चाची यादी वर चढते, अनारसे तुपात हसतात आणि करणारी रडकुंडीला येते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरात जेवढे आवाज चढतात, तेवढे बहुधा साऱ्या वर्षात चढत नसतील. तेव्हा विषय अगदी वेळेवर आहे.

राग येतो

आपण राग 'करतो' असे क्वचितच म्हणतो. तो 'येतो' असे म्हणतो. पाहुणा यावा तसा, न कळवता. हे म्हणणे शास्त्राला धरून आहे. रागाची पहिली ठिणगी पडते ती विचारशक्तीच्या दारात नव्हे. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना कानाच्या पातळीवर, बदामाच्या आकाराचा एकेक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. धोका, अपमान, अडवणूक यांची वर्दी हा भाग क्षणार्धात देतो, आणि ती पोहोचते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे. झुरिकचे शास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूत या भागात बारीक तारा बसवून विजेचा सौम्य प्रवाह सोडला. शांत बसलेले मांजर एकदम पाठीची कमान करून, केस फुलवून, फिस्कारत अंगावर येई. त्याची खोडी कोणीच काढलेली नसे! मेंदूच्या या भागावरील संशोधनाबद्दल हेस यांना १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हायपोथॅलॅमसची आज्ञा पुढे जाते मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे. तिथे काय होते हे दाखवले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉल्टर कॅनन यांनी. विद्यार्थिदशेत ते क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराची हालचाल पाहत असत. मांजर चिडले की जठराचे काम तिथल्या तिथे थांबते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९११ साली त्यांनी मांजरासमोर कुत्रा भुंकवला आणि भुंकण्यापूर्वीचे व नंतरचे रक्त ताडून पाहिले. नंतरच्या रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन उतरलेले होते. वेदना, भूक, भीती आणि संताप यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवरचा त्यांचा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, आणि मग एकेक कोडे उलगडत गेले. हृदय जोराने धावते. रक्तदाब चढतो. यकृत साखरेचा साठा रक्तात सोडते. पोटाकडचे रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. इतकेच काय, रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठू लागते.

ही सारी तयारी कशाची? हातघाईच्या लढाईची. साखर म्हणजे स्नायूंना शिधा, आणि रक्त लवकर गोठणे म्हणजे जखम झालीच तर रक्तस्राव थांबवण्याची सोय. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना याचा उपयोग होता. आपली अडचण निराळी आहे. बँकेतील खिडकीमागचा माणूस 'यंत्रणा बंद आहे, उद्या या' म्हणतो, साहेब चारचौघांत पाणउतारा करतो, चिरंजीवांचे प्रगतिपुस्तक हाती येते. शरीरात फौज गोळा होते, पण लढाई होतच नाही. आणि बिनलढाईची फौज काय करते? ती आपल्याच रयतेच्या शेतात चरते.

आता भान सुटण्याविषयी. कपाळाच्या मागे मेंदूचा जो पुढचा भाग असतो, तो आपला कारभारी. पुढचा-मागचा विचार करणे आणि जीभ आवरणे ही त्याची कामे. मनावरचा ताण फार वाढला की नेमका हाच कारभारी दुबळा पडतो. 'रागाच्या भरात तोंडातून निघून गेले' असे माणूस नंतर म्हणतो, ती निव्वळ सबब नसते. या भागाची वाढ पूर्ण व्हायला माणसाला पंचविशी उजाडते. सोळा वर्षांच्या मुलाने दार आपटले तर त्याच्या मेंदूचा कारभारी अजून उमेदवारी करतो आहे, हे आईबापांनी लक्षात ठेवावे. पंचेचाळीस वर्षांच्या बापाने आपटले तर त्याला ही सवलत नाही.

राग चढतो

जॉन हंटर हे अठराव्या शतकातील लंडनचे नामांकित शल्यवैद्य. देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर हे त्यांचे शिष्य. हंटर स्वभावाने तापट होते आणि त्यांच्या छातीत कळा येत. आपले प्राण कोणाही चिडवणाऱ्या लुच्च्याच्या हाती आहेत, असे ते म्हणत असल्याची नोंद आहे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला. कोणीतरी त्यांचे म्हणणे खोडून काढले. हंटर बोलता बोलता थांबले, शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या कठीण झालेल्या आढळल्या.

ही एका माणसाची कथा झाली. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या १,६२३ रुग्णांची विचारपूस करण्यात आली, तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. संतापाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या दुपटीहून अधिक, २.३ पट होता. आणखी अलीकडे, २०२४ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी २८० निरोगी माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहींना चीड आणणारी एखादी जुनी गोष्ट फक्त आठ मिनिटे आठवायला सांगितले. तेवढ्याने त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल पडण्याची शक्ती कमी झाली आणि तो परिणाम चाळीस मिनिटांपर्यंत टिकला. भांडण समोर नव्हते, माणूसही समोर नव्हता. होती ती नुसती आठवण.

धडधाकट तरुणाने एकदा संतापल्याने आभाळ कोसळत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांचे गणित वेगळे. रक्त लवकर गोठण्याची जी सोय लढवय्याला तारते, तीच अशा माणसाच्या हृदयात गुठळी अडकवते.

पित्त खवळते

१८२२ साली उत्तर अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो जगला, पण पोटाला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. त्याचे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी या खिडकीतून वर्षानुवर्षे जठराचे काम पाहिले आणि १८३३ साली ग्रंथ लिहिला. जठरात एरवी सहसा न दिसणारे पिवळे पित्त एकदा त्यांना तिथे आढळले. सेंट मार्टिन त्यापूर्वी भयंकर संतापला होता आणि हा त्याचाच परिणाम, असे बोमाँट यांचे मत झाले. म्हणजे पित्त खवळते ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हे!

पुढे विसाव्या शतकात न्यूयॉर्कमधील वुल्फ आणि वोल्फ या दोन डॉक्टरांना असाच एक रुग्ण लाभला. लहानपणी कढत सूप गिळल्याने त्याची अन्ननलिका बंद झाली होती आणि पोटाला कृत्रिम तोंड केलेले होते. तो घाबरला की जठराचे अस्तर फिके पडे. मनात धुमसू लागला की ते लालबुंद होई आणि आम्ल वाढे. १९४३ साली त्यांचे पुस्तक निघाले.

इथे एक इशारा देणे भाग आहे. भांडण झाले, छातीत जळजळले, तर 'पित्त झाले असेल' म्हणून सोडा पिऊन आडवे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, यांपैकी काही असेल तर सोडा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. पित्त निघाले तर घरी परत येता येते.

राग काढणे

वाफ कोंडली की भांडे फुटते, म्हणून राग मोकळा करावा, ही समजूत सर्वत्र आहे. उशीला गुद्दे मारा, भांडी आदळा, ओरडून घ्या, मन हलके होईल! याची कसोटी अमेरिकेतील ब्रॅड बुशमन यांनी घेतली. सहाशे विद्यार्थ्यांचे निबंध त्यांनी मुद्दाम वाईट शेरे मारून परत देववले. मग काहींना, शेरे मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पोत्यावर ठोसे मारायला सांगितले. काहींना नुसते दोन मिनिटे बसवून ठेवले. २००२ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की, ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला आणि गप्प बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. २०२४ साली अशा १५४ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक माणसांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हाही हेच दिसले. शरीराची धडधड वाढवणाऱ्या उपायांनी राग उतरत नाही, कमी करणाऱ्यांनी उतरतो. धावणे हृदयाला चांगलेच; पण राग उतरवण्याचे औषध म्हणून ते चालले नाही. माणसाचे शरीर म्हणजे कुकर नव्हे. ती चूल आहे. फुंकर घातली की ती अधिक पेटते.

शिवाय राग काढायचा कोणावर, हाही प्रश्न आहेच. वड्याचे तेल वांग्यावर निघते, आणि वांगे नेहमी दुबळे निवडले जाते. साहेबावरचा राग साहेबावर निघत नाही. तो लोकलमधून घरी येतो आणि बायकोवर निघतो, तिचा मुलावर. मूल झोपले आहे म्हणून त्याला काही कळत नाही, असेही समजू नये. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांना रागीट सुरातील बोलणे ऐकवून त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. शब्द निरर्थक होते, सूर तेवढा रागाचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांच्या घरी आईबापांची भांडणे जास्त, त्या बाळांचा मेंदू त्या सुराला अधिक जोराने उत्तर देत होता. गाढ झोपेत!

राग गिळणे आणि राग धरणे

मग राग गिळून टाकावा काय? आपल्याकडे निम्म्या समाजाला तेच शिकवण मिळाली. सुनेने बोलू नये, बायकोने उलटून उत्तर देऊ नये, 'सोशिक' हे बाईचे भूषण. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या प्रसिद्ध हृदयरोग पाहणीत विवाहित स्त्री-पुरुषांवर दहा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. नवऱ्याशी खटका उडाला की मनातले मनातच ठेवणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचा धोका, बोलून दाखवणाऱ्या स्त्रियांच्या चौपट आढळला. पुरुषांत असा फरक दिसला नाही. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका पाहणीवरून मौन हेच मृत्यूचे कारण, असे म्हणता येणार नाही. पण 'आमची आई कधी चिडली नाही' असे कौतुकाने सांगणाऱ्या मुलांनी, तिला चिडायची मुभा होती काय, हे एकदा स्वतःला विचारावे.

गिळलेला राग पचत नाही, तो धरला जातो. मग अबोला, टोमणे, तिसऱ्याच्या तोंडून निरोप. ओहायो स्टेट विद्यापीठातील डॉक्टरांनी ४२ जोडप्यांच्या हातावर यंत्राने बारीक फोड उठवले आणि ते किती दिवसांत भरून येतात हे मोजले. आपसांत कडवटपणे वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा भरण्याचा वेग, गोडीने वागणाऱ्यांच्या तुलनेत जेमतेम साठ टक्के होता. हा अभ्यास २००५ सालचा. घरातल्या कडवटपणाने जखम चिघळते, हे अक्षरशः खरे निघाले.

राग निवळतो

काढायचा नाही, गिळायचा नाही, धरायचा नाही. मग करायचे काय? उत्तर सहाव्या क्रियापदात आहे. निवळणे हा शब्द पाण्याचा. गढूळ पाणी ढवळले नाही की गाळ आपोआप खाली बसतो.

पहिली गोष्ट वेळेची. राग चढला की उत्तर द्यायचे नाही, निकाल लावायचा नाही, मोबाइलवर लिहिलेला मजकूर पाठवायचा नाही. रक्तवाहिन्यांना सावरायला चाळीस मिनिटे लागू शकतात. तेवढा अवधी जिभेलाही द्यावा. 'मी अर्ध्या-पाऊण तासाने बोलतो' असे सांगून खोलीबाहेर जाणे म्हणजे पळ काढणे नव्हे. सांगून जावे, म्हणजे समोरच्याला तो अबोला वाटत नाही.

दुसरी श्वासाची. श्वास सोडताना हृदयाचा ठोका मंदावतो, ही शरीराची रचनाच आहे. म्हणून चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. पाच मिनिटे पुरेत. याला आसन लागत नाही, पैसाही लागत नाही.

तिसरी नाव देण्याची. 'मला राग आला आहे' असे शब्दांत म्हणावे. कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेचे नाव निवडायला सांगितले, तेव्हा मेंदूतील तो बदाम थंडावला आणि कपाळामागचा कारभारी कामाला लागला. २००७ सालची ही गोष्ट. पुष्कळदा नाव शोधताना कळते की हा राग नाहीच. ही भीती आहे, किंवा दुखावलेले मन आहे.

चौथी झोपेची. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात सुमारे पस्तीस तास जागलेल्या माणसांच्या अमिग्डालाची खळबळ झोपलेल्यांपेक्षा साठ टक्के अधिक आढळली. फराळ दोन प्रकारांनी कमी झाला तरी चालेल. करणारीची झोप कमी होऊ नये. आणि एक सूचना: आयुष्यभर शांत असलेला माणूस अचानक चिडका झाला, तर त्याच्याशी वाद घालण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचे वाढलेले काम, इन्सुलिन घेणाऱ्याची उतरलेली साखर किंवा मनाला आलेले नैराश्य, यांचे पहिले लक्षण चिडचिड हेच असू शकते. आणि ज्या घरात रागाचा हात उठतो, तिथे श्वास मोजण्याच्या गोष्टी पुरेशा नाहीत. मार खाणाऱ्याने सुरक्षित जागी जावे आणि मदत मागावी.

पाचवी आणि शेवटची गोष्ट बोलण्याची. निवळल्यावर बोललेच पाहिजे, नाहीतर ते गिळणेच झाले. ज्ञानेश्वर एकदा लोकांच्या वागण्याला विटून झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी परंपरेतील कथा आहे. धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. तेच ताटीचे अभंग. ज्ञानेश्वरांनाही ताटी लावावी लागली, हे ऐकून आपल्याला धीर येतो. पण ती ताटी उघडली, हे विसरू नये. आत बसणाऱ्याला थोडा एकांत हवा आणि बाहेर हाक मारणारे एक माणूसही हवे.

राग येऊच नये, असे हे सदर सांगणार नाही. अन्याय दिसला तरी ज्याला राग येत नाही, तो साधू असेल किंवा त्यात भागीदार असेल. राग हा वर्दी देणारा शिपाई आहे. त्याची वर्दी ऐकावी, त्याच्या हाती कारभार देऊ नये. तेव्हा यंदा अनारसा तुपात हसलाच, तर त्याच्याबरोबर सगळ्यांनी मिळून हसावे आणि उरलेला चुरा चहाबरोबर संपवावा. दिवाळी सुखाची जावो!